अबूकीरचे प्लग

१९३० च्या मे महिन्यात इजिप्तच्या किनाऱ्यावर, अबूकीरच्या विमानतळावर दोन तरुण समोरासमोर आले. दोघंही एकाच शर्यतीत होते आणि दोघांच्याही विमानात दुसरं माणूस नव्हतं. एक इंग्लंडहून कराचीकडे निघालेला, दुसरा कराचीहून इंग्लंडकडे. आगाखानांनी बक्षीस लावलं होतं: भारत आणि इंग्लंड यांच्यामधलं अंतर, दिशा कुठलीही असो, ठरावीक मुदतीत एकट्यानं कापणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. इंग्लंडहून आलेला अस्पी इंजिनिअर सतरा वर्षांचा होता. कराचीहून आलेले जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जेआरडी, पंचवीस वर्षांचे.

अस्पी तिथे अडकून पडला होता. इंजिनाचे प्लग बाद झाले होते आणि जादा प्लग त्यानं बरोबर घेतले नव्हते. जेआरडींजवळ ते होते. नुसतं 'मला घाई आहे' म्हणून ते पुढे गेले असते तरी कुणी बोट ठेवलं नसतं; शर्यत म्हटल्यावर दुसऱ्याचं इंजिन बंद पडणं हीच तर आपली पुढची मजल. त्यांनी प्लग काढून दिले. अस्पीनं मग आपलं जीवरक्षक जाकीट त्यांच्या हवाली केलं, पुढे जेआरडींची वाट भूमध्य समुद्रावरून होती. ११ मे रोजी अस्पी कराचीला उतरला आणि शर्यत जिंकला. जेआरडींचं बक्षीस थोडक्यात हुकलं. अस्पी जिंकला याचा आपल्याला आनंदच झाला, असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

विमानांच्या शर्यतींबद्दल जे जे हाती लागलं ते मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. वेग, उंची, विक्रम, चषक. पण मन येऊन थांबतं ते या प्लगांपाशीच.

प्लग म्हणजे काय, हे खानदेशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या देवपुरात रस्त्याच्या कडेला मोटारसायकल दुरुस्तीची दुकानं आहेत. तिथला कारागीर गाडीची टोपी ओढतो, पान्यानं प्लग सैल करतो आणि बोटांनी फिरवत बाहेर काढतो. टोकाकडे एक नजर टाकली की त्याला सगळं कळतं. काजळी धरली असेल तर गाडी तेल खाते आहे. टोक पांढरंफटक पडलं असेल तर इंजिन तापतं आहे. मग पॉलिश पेपरनं घासणं, फुंकर, वाकलेल्या टोकावर पान्याची हलकी टकटक, नखाएवढीसुद्धा नसलेली ती फट डोळ्यांनीच जोखणं. प्लग पुन्हा टोपीत अडकवून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी उडाली की काम झालं. ती पिवळट, मरगळलेली दिसली तर प्लग फेकायचा. अस्पी आणि जेआरडींच्या जिप्सी मॉथ विमानाच्या इंजिनात असे आठ प्लग असत, चार सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन. शंभर अश्वशक्तीचं ते इंजिन, लाकडाचा सांगाडा, वर ताणून बसवलेलं आणि लेप दिलेलं कापड, उघडी बैठक. धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर एखादी मोटार भरधाव पळते, साधारण तेवढाच त्याचा वेग. वायरलेस नाही. मांडीवर नकाशा, समोर होकायंत्र, मनगटावर घड्याळ. खाली वाळवंट किंवा समुद्र, आणि या दोन्हींच्या वर माणसाला धरून ठेवणाऱ्या त्या आठ ठिणग्या. त्यातल्या काही जेआरडींनी हातातून सोडल्या.

याच शर्यतीत तिसरा होता मनमोहन सिंग, रावळपिंडीचा. त्यानंही हे अंतर कापलं, पण मुदत हुकली. तो पुढे इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेपर्यंत एकटा गेला, आणि ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम इथं जपानी हल्ल्यात मारला गेला. अस्पी १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. तिघांचे तीन रस्ते. शर्यतीच्या हकिकतीत मनमोहनचं नाव मागे पडतं, म्हणून ते इथं मुद्दाम घेते.

जेआरडी विमान चालवायला शिकले ते बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये, जुहूच्या मैदानावर. क्लब १९२८ चा. शिक्षकाबरोबर जेमतेम पावणेचार तास उडून ते एकटे वर गेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हाती परवाना आला, भारतात दिला गेलेला पहिला, त्यावर क्रमांक १. त्याच क्लबचं उड्डाण-शिक्षण आता आमच्या धुळ्याशेजारी, गोंदूरच्या धावपट्टीवर चालतं. ही गोष्ट धुळ्यात फार थोड्यांना माहीत आहे. गल्ली नंबर अमुक, पाचकंदील, राजवाडे संशोधन मंडळ, लळिंगचा किल्ला, पांझरेचा पूल, असं सगळं आम्ही पाहुण्यांना दाखवतो. गोंदूरला नेत नाही.

मी मात्र जाते. पहाटे गेलं तर बरं. बाजरीच्या शेतांवर अजून निळसर उजेड असतो, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर मरगळून लोंबत असते. मग एका सेस्नाचं इंजिन सुरू होतं. आधी खोकल्यासारखे दोन-तीन आवाज, मग पंखा दिसेनासा होतो आणि त्या जागी नुसतं एक थरथरतं वर्तुळ उरतं. विमान पट्टीच्या टोकाशी जाऊन उभं राहतं. शिकाऊ मुलगा किंवा मुलगी यादी वाचत एकेक गोष्ट तपासत असते. ते बाहेरून दिसत नाही, पण विमान किती वेळ थांबलं यावरून कळतं. मग ते पळत सुटतं, हलकं होतं, उठतं. थोडं वर जाऊन डावीकडे वळतं, पुन्हा वळतं, पट्टीला समांतर उलट्या दिशेनं येतं, पुन्हा दोन वळणं घेतं आणि समोर उतरायला लागतं. चाकं टेकतात न टेकतात तोच इंजिनाचा आवाज चढतो आणि ते परत वर. तासभर हेच. चार वळणांचा तोच चौकोन, तीच उतरंड, तोच क्षण जेव्हा चाक आणि डांबर यांच्यामध्ये हातभर हवा उरते आणि शिकणाऱ्याला त्या हवेचा अंदाज डोळ्यांनी नव्हे, बुडाखालच्या आसनानं घ्यावा लागतो.

पाहणाऱ्याला कंटाळा यावा असं हे काम आहे. मला येत नाही, कारण जगातली पहिली मोठी विमानशर्यत याहून फार वेगळी नव्हती. ऑगस्ट १९०९, फ्रान्समधलं रॅंस शहर. मैदानात खांब रोवलेले आणि त्या खांबांना वळसे घालायचे, एकूण वीस किलोमीटर. अमेरिकेचा ग्लेन कर्टिस पहिला आला, त्याचा वेग ताशी पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. फ्रान्सचा लुई ब्लेरिओ अवघ्या साडेपाच सेकंदांनी मागे राहिला. महिन्याभरापूर्वीच इंग्लिश खाडी ओलांडून तो जगाचा लाडका झाला होता. खरी परीक्षा सरळ रेषेत नव्हती, वळणात होती. वळताना विमान कलतं, कललं की पंखांची उचल कमी पडते, आणि जो खांबाच्या फार जवळून, फार कलून वळायला जाईल तो खाली येतो. त्या काळी वळणाचं शास्त्र लिहिलेलं नव्हतं. ते अंगावर घेऊन शिकायचं आणि शिकता शिकता अनेकांनी जीव गमावला. आज गोंदूरच्या चौथ्या वळणावर शिक्षक शिकाऊ पोराला 'जास्त कलवू नको, वेग बघ' म्हणून बजावत असेल, तर त्या एका वाक्यामागे त्या सगळ्यांचं जाणं आहे.

या ब्लेरिओचं आणि जेआरडींचं नातं तर अगदी शेजारधर्माचं. टाटांचं कुटुंब उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्देलोला राहायचं आणि ब्लेरिओचं घर तिथेच होतं. समुद्रकाठच्या वाळूवर उतरणारं विमान पाहणारा तो मुलगा. आर्देलोच्या त्या वाळूपासून जुहूपर्यंत आणि जुहूपासून गोंदूरपर्यंत एक रेघ मला सरळ ओढता येते. खानदेशच्या कोरडवाहू मातीत ती येऊन थांबते याचा मला अभिमान वाटतो.

एकदा कुंपणाबाहेर शेळ्या घेऊन उभ्या असलेल्या आजीबाईंनी वर बोट दाखवून शेजारच्या नातवाला सांगितलं, "पोर शे ती, पोर!" वर विमान एकटं फिरत होतं. त्यांना आधीच कळलेलं होतं, कसं ते मी विचारलं नाही. त्यांच्या आवाजात मात्र स्वतःच्या नातीचं कौतुक असावं तसा दिमाख होता. याच खानदेशातल्या, जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोईतून आकाशात गेल्या. तेव्हा त्यांचं वय होतं चौऱ्याहत्तर.

मे महिन्यात गोंदूरला उड्डाणं उजाडताच सुरू होतात आणि ऊन चढेपर्यंत बरीचशी उरकतात. त्यामागे कारण आहे. धुळ्या-जळगावात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला श्वास कमी पडतो आणि त्याच विमानाला उठायला पट्टी जास्त लागते. त्यात तापलेल्या काळ्या मातीवरून वर उसळणारे झोत. हलकं विमान त्यात पाखडलं जातं. अस्पी आणि जेआरडी उडाले ते याच महिन्यात, इराणच्या आखातावरून, इराकच्या वाळवंटावरून, उघड्या बैठकीत. भूगोलाच्या पुस्तकातली ती नावं वाचून अंगावर काही येत नाही. मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता धुळे बसस्थानकासमोर उभं राहून, आता याच उन्हात आठ तास बसून नजर न हलवता दिशा धरायची आहे, असं मनात आणलं की येतं.

अस्पी जिंकला त्याच आठवड्यात कराचीनं आणखी एक विमान पाहिलं. एमी जॉन्सन ही सव्वीस वर्षांची इंग्रज मुलगी ५ मे रोजी लंडनहून ऑस्ट्रेलियाकडे एकटी निघाली होती, तीही जिप्सी मॉथमधूनच. ती १० मे रोजी कराचीला उतरली; दुसऱ्या दिवशी ती पुढे निघाली आणि त्याच दिवशी अस्पी तिथे पोचला. अलाहाबाद गाठण्याआधीच तिचं पेट्रोल संपत आलं आणि ती झाशीच्या लष्करी मैदानावर उतरली, उतरताना विमानाच्या पंखाला मार बसला. तो दुरुस्त केला तिथल्या सुतारानं. पुढे रंगूनजवळ विमान खड्ड्यात गेलं, तेव्हा तिथल्या तंत्रशाळेतल्या लोकांनी ते उभं केलं, आणि फाटलेलं आवरण जोडायला शर्टांचं कापड कामी आलं. २४ मे रोजी ती डार्विनला पोचली आणि जगभर गाजली. झाशीच्या सुताराचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही.

मला हेच सांगायचं आहे. या वैमानिकांच्या धाडसाबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण त्यांच्या कहाण्या जितक्या जवळून पाहाव्यात तितकं दिसतं की आकाशातली शर्यत जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांनी पार पाडून दिली. वर गेलेला एकटा असतो खरा. पण तो कुठे ना कुठे उतरतो, आणि जिथे उतरतो तिथे कुणीतरी धावत येतं.

१९३४ ची लंडन ते मेलबर्न शर्यत घ्या. मेलबर्न शहराच्या शताब्दीसाठी मॅकफर्सन रॉबर्टसन या मिठाईच्या कारखानदारानं पंधरा हजार पौंडांची बक्षिसं ठेवली होती. २० ऑक्टोबरच्या पहाटे इंग्लंडमधल्या मिल्डेनहॉलहून वीस विमानं उडाली. वाटेत पाच ठिकाणी उतरणं सक्तीचं, त्यात भारतातलं अलाहाबाद. पहिले आले स्कॉट आणि कॅम्बेल ब्लॅक, सुमारे एकाहत्तर तासांत, शेवटचा टप्पा एक इंजिन जवळजवळ गप्प ठेवून. एमी जॉन्सन आणि तिचा नवरा जिम मॉलिसन यांनी कराचीपर्यंत सगळ्यांना मागे टाकलं होतं. कराचीहून निघाल्यावर ते रात्री वाट चुकले आणि जबलपूरला उतरले, आपल्या भुसावळहून इटारसीमार्गे अलाहाबादकडे जाणारी गाडी जिथे थांबते तेच जबलपूर. तिथे विमानाचं उंची पेट्रोल कुठलं मिळायला? स्थानिक बसकंपनीजवळचं पेट्रोल भरलं. बसच्या इंजिनाला ते चाललं असतं, शर्यतीच्या इंजिनाला सोसलं नाही. कसंबसं अलाहाबाद गाठलं आणि तिथेच शर्यत संपली. त्या रात्री ज्या कुणी डबे आणून पेट्रोल ओतलं असेल, त्यानं जवळ होतं ते दिलं.

दुसरं आलं डच विमान, 'उइवेर'. ते शर्यतीसाठी बांधलेलं नव्हतं, उतारू आणि टपाल नेणारं साधं प्रवासी विमान होतं. मेलबर्न हाताशी आलं आणि वादळानं त्याला गाठलं. रात्र, पाऊस, दिशा हरवलेली. खाली ऑल्बरी नावाचं लहान गाव. गावकऱ्यांना वरून भरकटणारा आवाज ऐकू आला. कुणाच्या तरी मनात आलं आणि अख्ख्या गावाचे दिवे चालू-बंद करत त्यांनी तारेच्या भाषेत आपल्या गावाचं नाव आकाशाला सांगितलं. रेडिओवरून हाक गेली: मोटारी घेऊन घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर या. लोक आले, रांगेनं उभे राहिले, मोटारींचे दिवे लावले, आणि त्या उजेडात विमान उतरलं. सकाळी ते चिखलात रुतून बसलेलं होतं. गावानं दोर लावले आणि ओढून काढलं. 'उइवेर' पुढे गेलं आणि दुसरं आलं. त्याच वर्षी डिसेंबरात इराकच्या वाळवंटात कोसळून ते आतल्या सगळ्यांसह संपलं. इतकं अंतर नाही विजयात आणि मरणात, त्या काळात तर नव्हतंच.

आपल्याकडच्या टपाल विमानाची गोष्टही याच घराण्यातली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथमधून निघाले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं, ते मैदानावर आलं होतं बैलगाडीतून, डब्यांमधून. दुपारी जुहूला उतरले. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला ते टपाल नेलं नेव्हिल व्हिंटसेंटनं. गावोगाव विमान नेऊन लोकांना त्यात बसवणारा, आभाळाची सवय लावणारा हा माणूस दुसऱ्या महायुद्धात गेला. बरोबर पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी कराची ते मुंबई हेच उड्डाण पुन्हा एकट्यानं केलं. आता शर्यत कुणाशीच नव्हती.

आणि मराठी माणूस? मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात लढाऊ वैमानिक झाला, अशा मोजक्या चार भारतीयांपैकी एक. जून १९१८ मध्ये तो पडला. फ्रान्समध्ये हांगारच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. अस्पी तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता.

माझं माहेर चोपड्याकडचं, म्हणून शेवटची हकिकत मला सगळ्यात जवळची. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वर्डी गाव आहे. १६ जुलै २०२१ रोजी त्या डोंगरभागात एक शिकाऊ विमान कोसळलं. शिक्षक वैमानिक जागीच गेले. शिकणारी मुलगी जबर जखमी झाली, पण जिवंत होती. पावसाचे दिवस, वाट म्हणजे चिखल, गाडी येणं शक्य नाही. आवाज ऐकून आदिवासी वस्तीतली माणसं धावत पोचली. मुलीला उचलायचं कसं? एका बाईनं अंगावरचं लुगडं सोडून दिलं. त्याची झोळी केली, लाकडाला बांधली, आणि खांद्यांवरून त्या मुलीला चिखल तुडवत रस्त्यापर्यंत आणलं. ती वाचली.

अबूकीरला जेआरडींनी दिलेले प्लग आणि वर्डीच्या त्या बाईनं दिलेलं लुगडं मी एकाच पंक्तीला बसवते. उलट लुगडं मला एक पाट वर वाटतं. जेआरडींना विमान काय असतं ते ठाऊक होतं, समोरच्याचं नाव माहीत होतं. त्या बाईनं आयुष्यात विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं आणि ती मुलगी कोण, कुठली, हे विचारायलाही ती थांबली नाही.

खानदेशचं आकाश आज शिकणाऱ्यांनी भरलेलं आहे. गोंदूर, शिरपूर, जळगाव, तिन्ही धावपट्ट्यांवर मुलं येतात. वरून त्यांना आपला मुलूख कसा दिसत असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. उत्तरेला सातपुड्याची काळी भिंत, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधून पश्चिमेला निघालेली तापी, तिच्या जोडीनं अमळनेर-नंदुरबारकडे जाणारे रूळ, रावेर-यावलच्या केळीचे गर्द चौकोन, आणि कपाशीचं न संपणारं रान. नकाशा न उघडताही वाट सापडावी असा हा प्रदेश. पण ही मुलं बहुतेक बाहेरची असतात. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं आणि त्याचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. जी पोरं कुंपणाबाहेर शेळ्या राखत वर बघतात, त्यांना आत जायला दार नाही. अस्पीला सतराव्या वर्षी दार उघडलं, कारण कुणीतरी बक्षीस लावलं होतं. जळगावच्या सराफ बाजारानं, धुळ्याच्या दुधा-तेलाच्या व्यापाऱ्यांनी, केळी आणि कापसावर मोठ्या झालेल्या सहकारी संस्थांनी मनावर घेतलं तर हे अवघड नाही. दरवर्षी खानदेशातल्या एका मुलाचा किंवा मुलीचा दोनशे तासांचा खर्च उचला, आणि पहिला अर्ज मागवा तो वर्डीच्या आश्रमशाळेपासून गोंदूरच्या जिल्हा परिषद शाळेपर्यंत सगळीकडून.